शब्द, दुवा आणि उत्तरदायित्व

१

शब्दाकडे बोट दाखवणे ही वाङ्मयव्यवहारातील फार जुनी कृती आहे. भाष्यकार मूळ संहितेतील एखादे पद उचलतो आणि त्यावर विवरण रचतो. कोशकार नोंदीच्या शेवटी ‘पहा’ असे लिहून वाचकाला दुसऱ्या नोंदीकडे धाडतो. संपादक शब्दाच्या डोक्यावर लहानसा आकडा ठेवून तळटीप देतो. या तिन्ही कृतींत एक गोष्ट समान आहे. वाक्यातील अनेक पदांपैकी नेमके कोणते पद थांबण्याजोगे आहे, याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो आणि तो निर्णय त्याच्या नावावर जमा असतो. भाष्यकाराने एखादे महत्त्वाचे पद स्पष्ट न करता सोडले, तर त्याला जाब विचारता येतो. कोशकाराने चुकीच्या नोंदीकडे पाठवले, तर दोष कोणाचा हे सांगता येते. निर्देश आणि उत्तरदायित्व यांची अशी सांगड मुद्रित परंपरेने गृहीत धरलेली होती.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ही सांगड सैल करणारी एक घटना घडली. कोणते शब्द वाचकाला अन्यत्र नेतील, हे ठरवण्याचे काम संगणकावरील एका नियमाकडे सोपवण्यात आले. ‘विकी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखनप्रणालीत शब्दाचा केवळ बाह्य आकार पाहून त्याचा दुवा होऊ लागला. ही बाब वरवर पाहता तंत्रज्ञांच्या कक्षेतील वाटते, आणि साहित्यविचाराने तिच्याकडे त्याच समजुतीने दुर्लक्ष केले आहे. वस्तुतः शब्द म्हणजे काय, त्याचे रूप आणि त्याचा अर्थ यांचा संबंध कोणता, संहितेत कशाला महत्त्व द्यावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे साहित्यमीमांसेचे नित्याचे प्रश्नच येथे वेगळ्या वेषात उभे आहेत. शिवाय त्यांना एक नैतिक बाजू आहे, आणि प्रस्तुत विवेचनात मुख्यतः तिचाच विचार करावयाचा आहे.

२

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी ‘विकीविकीवेब’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. होनोलुलू विमानतळावरील ‘विकी विकी’ नावाच्या बससेवेवरून त्याने हे नाव घेतले. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे जलद. ‘पोर्टलंड पॅटर्न रिपॉझिटरी’ या उपक्रमाचा ती एक भाग होती. कोणीही पान उघडावे, बदलावे, नवे पान निर्माण करावे, ही तिची मूळ कल्पना. पानांना पाने जोडण्यासाठी लेखकाला संगणकाची वेगळी सांकेतिक भाषा शिकावी लागू नये, म्हणून कनिंगहॅमने एक साधी युक्ती योजली. दोन किंवा अधिक इंग्रजी शब्दांमधील मोकळी जागा काढून टाकावी आणि प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर मोठे ठेवावे. असा जोडशब्द दिसला की प्रणालीने त्याला आपोआप दुवा मानावे. मध्येच उंचावणाऱ्या अक्षरांमुळे उंटाच्या मदारीची आठवण होते, म्हणून या लेखनपद्धतीला ‘कॅमलकेस’ म्हणतात. त्या नावाचे पान अस्तित्वात असेल तर वाचक तेथे पोहोचे. नसेल तर शब्दापुढे एक प्रश्नचिन्ह उमटे आणि त्यावर बोट ठेवणाऱ्यापुढे कोरे पान उघडे.

या युक्तीमागे एक वैचारिक वारसा आहे. ‘पॅटर्न’ ही संकल्पना ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविद्येच्या अभ्यासकाची. त्याच्या आणि सहकाऱ्यांच्या १९७७ मधील ‘अ पॅटर्न लँग्वेज’ या ग्रंथात नगररचनेपासून खिडकीजवळच्या बैठकीपर्यंत २५३ आकृतिबंध सांगितले आहेत. प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि क्रमांक आहे, आणि एका आकृतिबंधाच्या विवेचनात दुसऱ्याचे नाव आले की ते वेगळ्या टंकात छापलेले आहे. एखाद्या अनुभवाला नेमके नाव मिळाले की तो विचारात वापरता येतो, ही त्यामागची श्रद्धा. कनिंगहॅमच्या जोडशब्दांनी हीच श्रद्धा पुढे नेली. लिहिता लिहिता दोन शब्द जोडून टाकणे म्हणजे ‘या संकल्पनेला स्वतंत्र नाव देण्याची गरज आहे’ असे घोषित करणे होते. प्रश्नचिन्ह हे त्या घोषणेचे दुसरे अंग. जे अजून लिहिले गेलेले नाही, त्याची कबुली त्या चिन्हात होती आणि ते लिहिण्याचे आवतणही होते.

या दृष्टीने पाहता आकारावर आधारलेला नियम निव्वळ यांत्रिक होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परस्परांना अपरिचित असलेल्या दोन लेखकांनी एकच जोडशब्द वापरला, तर त्यांची पाने त्यांच्या नकळत एकाच ठिकाणी येऊन मिळत. अशा अकल्पित भेटींना या पद्धतीचे पुरस्कर्ते तिचा गुण मानीत. ज्ञानाची मांडणी एका संपादकाच्या आराखड्यातून न होता अनेकांच्या शब्दयोजनेतून व्हावी, या लोकशाही आकांक्षेला तो नियम अनुकूल होता.

३

मात्र नियम रूप पाहतो, अर्थ पाहत नाही. व्याकरणात रूपाला प्राधान्य देण्याची परंपरा आपल्याला अपरिचित नाही. पाणिनीच्या सूत्रांत एखादा शब्द आला तर तो सामान्यतः स्वतःच्या रूपाचाच बोधक समजावा, त्याच्या अर्थाचा नव्हे, अशी व्यवस्था आहे. परंतु जेथे तो शब्द शास्त्राची संज्ञा म्हणून योजलेला असेल तेथे ही व्यवस्था लागू होत नाही, हा अपवादही त्याच ठिकाणी नोंदलेला आहे. शब्द केव्हा केवळ रूप असतो आणि केव्हा संज्ञा, हा भेद करावा लागतो याची जाणीव त्या अपवादात आहे. कॅमलकेसच्या नियमाने हा भेद पुसून टाकला. ज्याचे रूप संज्ञेसारखे, ती संज्ञा, असे त्याने ठरवले.

त्याचे परिणाम दोन दिशांनी झाले. एक म्हणजे जे शब्द संज्ञा म्हणून अभिप्रेत नव्हते, तेही दुवे बनले. ‘जावास्क्रिप्ट’, ‘पोस्टस्क्रिप्ट’ यांसारखी व्यापारी नावे, किंवा ‘मॅकडोनल्ड’सारखी आडनावे इंग्रजी लेखनात मधले अक्षर मोठे ठेवून लिहिली जातात; लेखकाच्या मनात नसतानाही ती वाचकाला हाका मारू लागली. अशा शब्दाला गप्प बसवायचे असेल, तर कनिंगहॅमच्या प्रणालीत शब्दाच्या मध्ये सलग सहा एकेरी अवतरणचिन्हे घालावी लागत. पुढे आलेल्या ‘टीविकी’सारख्या प्रणालीत शब्दाआधी उद्गारचिन्ह द्यावे लागे. सामान्य लेखनात शब्दावर विशेष भर द्यायचा असेल तर खूण करावी लागते. येथे भर नको असेल तर खूण करणे भाग पडले. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत सांगायचे तर चिन्हित आणि अचिन्हित यांची अदलाबदल झाली. साधेपणाने बोलण्यासाठी विशेष प्रयत्न करावा लागणे ही भाषेच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट नव्हे.

दुसरा परिणाम अधिक खोल होता. जे एकच पद आहे, त्याला या नियमाखाली पान मिळू शकत नव्हते. ‘सत्य’, ‘काल’, ‘न्याय’ यांचे इंग्रजी प्रतिशब्द एकेकटे असल्याने दुवा होण्यास अपात्र ठरत. तीच पदे दुसऱ्या पदाशी जोडून आली तर पात्र ठरत. तत्त्वचिंतनातील सर्वांत मूलभूत संकल्पना प्रायः एकपदी असतात. त्यांना प्रवेश मिळवून द्यायचा तर शब्दाच्या मधले किंवा शेवटचे अक्षर उगाच मोठे करून त्याचा आकार बिघडवावा लागे. नियमाच्या सोयीसाठी शब्दाने स्वतःचे रूप विद्रूप करून घ्यावे, ही अट कोणत्याही एका व्यक्तीने विचारपूर्वक घातली नसती. नियमाने ती घातली आणि तिचे समर्थन करण्याची जबाबदारी कोणावरच आली नाही. येथे मूळ नैतिक प्रश्न स्पष्ट होतो. निर्णय स्वयंचलित झाला म्हणून नाहीसा होत नाही. तो केवळ आधी घेतलेला असतो, आणि जेथे घेतला गेला ते स्थळ वाचकाच्या दृष्टीआड राहते.

४

१५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेला इंग्रजी विकिपीडिया आरंभी क्लिफर्ड ॲडम्सच्या ‘यूजमॉडविकी’ या प्रणालीवर चालत होता आणि त्यात कॅमलकेसचाच नियम होता. विश्वकोशाला एकपदी शीर्षकांवाचून चालणे अशक्य होते. त्याच वर्षी दुहेरी चौकटी कंसांची सोय आली; लेखकाने जे पद कंसात घातले, तेच दुवा होऊ लागले. जानेवारी २००२ मध्ये मॅग्नस मान्स्केने लिहिलेली नवी प्रणाली स्वीकारली गेली, तेव्हा आकारावरून दुवा ओळखण्याची रीत तेथून गेली. पुढे ‘मीडियाविकी’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रणालीने कंसाचाच मार्ग कायम ठेवला. अस्तित्वात असलेल्या पानाचा दुवा निळा आणि नसलेल्याचा तांबडा, एवढाच निर्णय यंत्राकडे उरला.

याचा अर्थ निर्देशाचा अधिकार पुन्हा लेखकाकडे आला, असा लावता येईल. तो अंशतः खरा आहे. परंतु अधिकार परत येताना त्याच्यासोबत एक नवी शक्ती आली. कंसात उभी रेघ घालून दाखवायचा शब्द एक आणि पोहोचण्याचे पान दुसरे, असे करता येते. वाक्यात ‘ते कृत्य’ एवढेच लिहावे आणि दुवा मात्र ‘विश्वासघात’ या पानाकडे न्यावा, हे सहज शक्य आहे. वाक्य काहीच आरोप करत नाही, दुवा करतो. विकिपीडियाच्या संपादकीय संकेतांत वाचकाला चकवणारे असे दुवे टाळावेत असे सांगितलेले आहे, ते योग्यच आहे. पण मुद्दा केवळ शिस्तीचा नाही. भारतीय काव्यशास्त्राने शब्दाच्या अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशा शक्ती मानल्या. व्यंग्यार्थ वाचकाच्या सहृदयतेतून स्फुरतो. म्हणून तो एकाच वेळी अनेकांगी आणि अनिर्बंध राहू शकतो. रेघेआड दडवलेला दुवा हा व्यंजनेचे सोंग घेतलेला अभिधेचा व्यापार आहे. तो सुचवल्याचा आभास करतो आणि प्रत्यक्षात एकाच ठिकाणी नेऊन सोडतो.

लेखकाने स्वतः दिलेला दुवा नेहमी अर्थासाठीच असतो, असेही नाही. इंग्रजी विकिपीडियात दीर्घकाळ लेखांतील तारखा कंसात घालण्याची रीत होती. तारखेचा आणि त्या दिवसाच्या पानाचा आशयाच्या दृष्टीने संबंध असो वा नसो, कंस केला की नोंदणीकृत वाचकाला दिवस-महिना हा क्रम आपल्या पसंतीप्रमाणे दिसे, हे त्याचे कारण. २००८ मध्ये ही पद्धत त्याज्य ठरवण्यात आली, आणि ते दुवे काढून टाकण्यावरून झालेला वाद २००९ मध्ये विकिपीडियाच्या लवाद समितीपर्यंत गेला. इतक्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवरून एवढे भांडण का व्हावे? कारण सहज आहे. दुवा म्हणजे ‘येथे थांबण्यासारखे काही आहे’ असे वाचकाला दिलेले वचन असते. सोयीसाठी दिलेले सहस्रावधी दुवे हे पाळण्याचा हेतूच नसलेले वचन होते. अर्थशून्य निर्देशांची गर्दी झाली की अर्थपूर्ण निर्देशही विश्वास गमावतो.

भर्तृहरीने वाक्य हे अखंड मानले आणि त्यातून पदे वेगळी काढण्याच्या प्रक्रियेला अपोद्धार म्हटले. पदे ही विश्लेषणाच्या सोयीसाठी कल्पिलेली असतात. अर्थ वाक्याचा असतो. दुवा हा अपोद्धाराचा दृश्य आविष्कार होय. वाक्य अजून पुरे झालेले नसताना त्यातील एक पद रंग पालटून वाचकाला बाहेर बोलावते. रोलाँ बार्थने १९७० च्या ‘एस/झेड’ या ग्रंथात बाल्झाकच्या कथेचे ५६१ तुकडे पाडले, तेव्हा तोही अपोद्धारच होता. परंतु हे तुकडे स्वैरपणे पाडलेले आहेत असे बार्थने आरंभीच सांगितले आणि प्रत्येक तुकड्याखाली स्वतःचे विवेचन ठेवले. १९९२ मध्ये जॉर्ज लँडोने ‘हायपरटेक्स्ट’ या ग्रंथात बार्थ आणि देरिदा यांच्या सिद्धान्तांना संगणकीय संहितेत मूर्त रूप मिळत असल्याचे प्रतिपादन केले. त्या प्रतिपादनाचे आकर्षण मान्य करूनही एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. बार्थचा स्वैरपणा स्वाक्षरी केलेला आहे. नियमाच्या स्वैरपणावर स्वाक्षरी नसते.

५

दुसऱ्याच्या संहितेत परक्याने दुवे घालण्याचा प्रश्न याच्याही पुढचा आहे. मायक्रोसॉफ्टने ‘स्मार्ट टॅग’ या नावाची सोय विंडोज एक्सपीबरोबरच्या न्याहाळकाच्या चाचणी आवृत्तीत ठेवली होती. तीमुळे कोणाच्याही पानावरील काही शब्दांखाली कंपनीने ठरवलेले दुवे उमटू शकत. त्यावर कठोर टीका झाली आणि जून २००१ मध्ये ती सोय वगळण्याचे कंपनीने जाहीर केले. २००५ मध्ये गूगलच्या ‘ऑटोलिंक’ या सोयीने तोच वाद पुन्हा निर्माण केला. तिच्यामुळे पानावरील पत्त्यांचे नकाशांशी आणि पुस्तकांच्या आयएसबीएन क्रमांकांचे एका मोठ्या विक्रेत्याशी दुवे जुळत. समर्थकांचे म्हणणे असे, की वाचक आपल्या इच्छेने कळ दाबतो. वाचनाचे साधन निवडणे हा त्याचा हक्क आहे. समासात टिपा लिहिणाऱ्या वाचकाला लेखक अडवू शकत नाही, हेही खरे.

या युक्तिवादात एक फट आहे. समासातील टीप वाचकाच्या हस्ताक्षरात असते, म्हणून ती मूळ संहितेपासून निराळी ओळखू येते. स्वयंचलित दुवा मात्र लेखकाच्या शब्दातच शिरतो. पुस्तकाचा क्रमांक लिहिणाऱ्या लेखकाने त्या दुकानाची शिफारस केलेली नसते, तरी शिफारस त्याच्या वाक्यातून होते. म्हणून येथे कसोटी ‘दुवा कोणी घातला’ एवढीच नाही. तो कोणी घातला हे वाचकाला कळते की नाही, ही आहे. निर्देशकर्ता दिसत असेल तर वाचक त्याच्याशी वाद घालू शकतो. तो दिसत नसेल, तर वाद घालण्याची जागाच उरत नाही.

६

नियमाचा तटस्थपणा किती मर्यादित असतो, हे तो दुसऱ्या भाषेत नेला की उघड होते. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे नाहीत. त्यामुळे कनिंगहॅमचा मूळ नियम मराठीत चुकीचा ठरत नाही. तो संभवतच नाही. ‘शब्दाचा स्वाभाविक आकार’ म्हणून जे गृहीत धरले गेले, ते रोमन लिपीच्या एका विशेषाचे फळ होते. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला तेव्हा कंसाची पद्धत रूढ झाली होती, म्हणून हा अडसर प्रत्यक्षात आला नाही. पण कंसाच्या पद्धतीतही भाषेविषयीची गृहीतके आहेत.

कंस मिटल्यावर लगेच जोडून आलेली अक्षरे दुव्यात सामावून घेण्याचा नियम मीडियाविकीत आहे. इंग्रजीत शीर्षक एकवचनी ठेवून अनेकवचनाचा प्रत्यय बाहेर लिहिला की काम भागते. प्रत्येक भाषेसाठी या नियमात कोणती अक्षरे धरायची हे वेगळे ठरवावे लागते. अरबीत अव्यये शब्दाच्या आधी जोडली जातात, म्हणून तेथे कंसापूर्वीच्या अक्षरांचाही विचार करावा लागतो. मराठीत ‘मुंबई’ला कंसात घालून पुढे ‘त’ जोडता येतो. ‘पुणे’ मात्र ‘पुण्यात’ होते, ‘सातारा’ ‘साताऱ्याला’ होतो, आणि ‘कोल्हापूर’ ‘कोल्हापुरात’ होताना त्यातील दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दच बदलतो. मराठी व्याकरण ज्याला सामान्यरूप म्हणते, त्याचा अंतर्भाव ‘मूळ शब्द अधिक शेपूट’ या कल्पनेत होत नाही. परिणामी मराठी लेखकाला अनेक विभक्त्यंत नामांसाठी उभी रेघ वापरून शीर्षक आणि रूप दोन्ही लिहावी लागतात. इंग्रजी लेखकाला जी सोय सहज लाभते, तिच्यासाठी मराठी लेखकाने श्रमाचे मोल द्यावे, असा हा न बोललेला करार आहे.

शीर्षकाशी जुळणारा प्रत्येक शब्द आपोआप दुवा करावा, असा पर्याय काही प्रणालींत आढळतो. ‘मूडल’ या अध्यापनप्रणालीत शब्दसंग्रहातील नोंदी पाठ्यसाहित्यात जेथे येतील तेथे अशा रीतीने जोडण्याची सोय आहे. मराठीत हा पर्याय कोठे नेतो, हे पाहण्यासाठी ‘दुवा’ हाच शब्द पुरेसा आहे. तो साखळीतील कडी सांगतो आणि म्हातारीने दिलेला आशीर्वादही सांगतो. ‘उत्तर’ ही दिशा आहे आणि प्रश्नाचा प्रतिसादही. ‘फडके’ हे वस्त्र आहे आणि आडनावही. प्रसंग, लिंग, वाक्यरचना यांवरून वाचक यांतील भेद क्षणात करतो. रूप जुळवणारा नियम तो करू शकत नाही, आणि अलीकडे संदर्भ पाहून अंदाज बांधणाऱ्या प्रणालीही जो निर्णय देतात, त्याचे कारण वाक्याच्या अंगाने सांगण्यास त्या बांधलेल्या नसतात. अचूकता वाढली म्हणून उत्तरदायित्व वाढले असे होत नाही. या दोन भिन्न गोष्टी आहेत.

७

या विवेचनातून स्वयंचलित दुवा त्याज्य आणि हाताने दिलेला दुवा पवित्र, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो टिकणारा नाही. हाताने दिलेला दुवाही फसवू शकतो, हे वर पाहिले. उलट कनिंगहॅमचा नियम कितीही ओबडधोबड असला तरी तो सर्वांना ठाऊक होता. लिहिणाऱ्याला आपण काय केले म्हणजे काय होईल हे कळत होते, नको असलेला दुवा मोडता येत होता, आणि शब्दापुढचे प्रश्नचिन्ह आपले अज्ञान लपवत नव्हते. नैतिक दृष्टीने या तीन गोष्टींना महत्त्व आहे : नियम जाहीर असणे, तो नाकारता येणे आणि त्याने आपली अपूर्णता दाखवणे. यांपैकी एकही गोष्ट यंत्राला अशक्य नाही, आणि एकही माणसाकडून आपोआप होणारी नाही.

वाचकाचाही एक हक्क यात गुंतलेला आहे आणि त्याचा उच्चार क्वचितच होतो. तो आहे अचिन्हित शब्दाचा हक्क. ज्या शब्दाकडे कोणी बोट दाखवलेले नाही, त्याच्यापाशी स्वतःच्या कारणाने थांबण्याची मोकळीक वाचकाला असली पाहिजे. चांगल्या संहितेत महत्त्वाचा शब्द बहुधा ठळक नसतो. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाचनात सापडतो. प्रत्येक थांबा आधीच आखून दिला, तर वाचन ही यात्रा न राहता दर्शनाची रांग होते. म्हणून दुवा देणाऱ्याने, मग तो लेखक असो वा नियम लिहिणारा अभियंता, दोन प्रश्नांची उत्तरे देण्यास बांधील राहावे : हा शब्द का निवडला, आणि बाकीचे का सोडले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे अधिक अवघड आहे, आणि निर्देशाची खरी परीक्षा तेथेच होते.